गादीखालची पट्टी

निनादनं आइंडहोवनहून पाठवलेली पट्टी
चार बोटं रुंद, करड्या रंगाची.
गादीखाली सरकवून ठेवायची, एवढंच.
श्वास मोजते, नाडी मोजते,
मी कितीदा कूस बदलली, लघवीला कितीदा उठलो,
सगळं त्याच्या फोनवर.
चारदा उठतो मी. त्याला काळजी त्या चाराची.

भोसरीत एकतीस वर्षं प्रेशर गेज तपासले.
बॉयलरचे, गॅसच्या टाक्यांचे, एकदा नौदलाचेही.
काट्यावर कधी चिडलो नाही.
आधी शून्य बघायचं:
काहीच दाब नसताना काटा कुठे उभा राहतो.
माझं शून्य आता कोण बघणार, आणि कधी?

सहकारनगरच्या या दोन खोल्यांत सगळं घरपोच येतं.
फिजिओचा मुलगा येतो, मला एक जिना उतरवतो, चढवतो, शाबास म्हणतो.
मंगळवारी रक्त न्यायला एक पोरगी,
हेल्मेट न काढताच सुई टोचते, हात मात्र हलका.
डॉक्टर टॅबवर भेटतात.
जीभ दाखवा म्हणाले की मी
काचेला जीभ दाखवतो. एक्याऐंशीव्या वर्षी.

आणि रात्री आठला जयमाला ओव्हाळ.
ब्युरोचा निळा कोट पिशवीतून काढून घालते.
अप्परची बस चुकली तर चालत येते,
आणि वहीत खरी वेळ लिहिते: आठ अठरा.
मी तपासलंय. तिचं घड्याळ बरोबर असतं.

गेल्या गुरुवारी आली ती डोळे लाल घेऊन.
"काही नाही काका, डोकं चढलंय जरा."
गोळ्यांच्या डबीतलं गुरुवार-रात्रीचं झाकण उघडून
माझ्या तळहातावर ओतताना
तिची बोटं तव्यासारखी लागली.
ऑक्सिमीटर मी तिच्याच बोटाला लावला.
एकशेआठ.
ब्युरोला कळवलं तर रात्र कापतात.
परत जायचं तर रिक्षा रोजाचा तिसरा हिस्सा खाते.
सतरंजी टाकते म्हणाली. फरशीवर.
मी म्हटलं, पलंगावर.
नको नको करत, कोट तसाच अंगात ठेवून
ती भिंतीकडच्या बाजूला आडवी झाली,
जिथे नऊ वर्षं कुणी झोपलं नव्हतं.

मी खुर्चीत. वॉकर समोर, पातेल्यात पाणी, पंचाची घडी.
उठायला मला तीन हेलकावे लागतात,
तिसऱ्याला उठतो.
घडी बदलायची, परत बसायचं, परत तीन.
पर्वतीवरचे दिवे खिडकीत तसेच, कुणी न मोजलेले.
एकदा झोपेत "आये" म्हणाली.
एकदा, "गेली बस."

दोन चाळीसला फोन.
"बाबा, हार्टरेट शंभराच्या वर दाखवतोय,
श्वास फास्ट आहे, ॲम्ब्युलन्स सांगू का?
जयमालाबाई कुठेयत?"
इथेच आहेत, म्हटलं.
मी बरा आहे. जरा स्वप्न पडलं.
एकतीस वर्षांत केलं नाही ते केलं,
चुकीच्या रीडिंगखाली सही.
"पाणी प्या," तो म्हणाला.
प्यायलो. खरंच तहान लागली होती.

पहाटे घाम फुटून ताप उतरला.
तिनं चादर बदलली, केस बांधले,
वहीत लिहिलं: रुग्णास पहाटे आराम.
पेन तसंच धरून थांबली थोडी,
माझ्याकडे पाहिलं,
आणि रुग्णाच्या नावाचा रकाना
रोज भरते तसा भरला.

रविवारी निनादचा फोन, आठवड्याचा अहवाल हातात.
मधे थोडा वेळ नाडी चढली होती, म्हणाला,
पण गुरुवारची एक गंमत बघा बाबा,
त्या रात्री तुम्ही
एकदाही उठला नाहीत.